नवरदेवाच्या गळ्यातला कॅमेरा

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील उधन्याला लूमवर लागले म्हणून सुरतचे झालो. त्या खटखटीत माझा जीव रमेना, तर मी फोटोचं काम शिकलो आणि गोडादऱ्यात स्टुडिओ टाकला. मी रोलच्या जमान्यातला, पण डिजिटलला शिव्या देणाऱ्यातला नाही बरं का. लग्नवाल्याला, पासपोर्टवाल्याला तेच पाहिजे, डोळे मिटले तर लगेच दुसरा काढता येतो. माझा मुलगा कैलास तेच करतो, चांगलं करतो.

माझा संताप वेगळा आहे, काय सांगू तुम्हाला. फोटोवर चरा पडू नये, रंग उडू नये म्हणून मी जन्मभर जिवाचं रान केलं, आणि आता गिऱ्हाईक म्हणतं रोलसारखं दिसू द्या, तर कैलास कॉम्प्युटरवर बसून धडधाकट फोटोवर चरे पाडतो, रंग उडवतो. म्हणे स्टाईल आहे.

माझ्या आईला मोबाइलचा फोटो पटायचा नाही. श्रावणात घरी आमची खानदेशची देवी कानबाई बसली, आई नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, हाई काय फोटू शे का, तुना कॅमेरा लई ये. तुझा कॅमेरा आण म्हणाली, म्हणून मी जुना रोलचा कॅमेरा काढला, तिचे फोटो घेतले. रोल संपला नव्हता, आणि अर्धा रोल धुवायला द्यायचा नाही ही आमची हाडाची सवय, त्यात आता मुंबईला पाठवावा लागतो. म्हटलं दिवाळीत संपवू. दिवाळीआधीच आई गेली.

तेरावं झालं, मी रोल काढणारच होतो, तर कैलासनं न विचारता कॅमेरा नेला. कशाला? लग्नाआधीच्या फोटोत नवरदेवाच्या गळ्यात शोभेला लटकवायला! नवरदेवानं बटण दाबलं, कॅमेरा उलटसुलट केला, म्हणाला, भैया, इसमें फोटो दिखता किधर है, आणि फोटो शोधायला मागचं झाकणच उघडलं, भर उन्हात. त्याला काय बोलणार, त्यानं रोल जन्मात पाहिला नाही. पण कैलास, तुझं बारसं याच कॅमेऱ्यातलं आहे रे! रोल मुंबईहून धुऊन आला तो उजेड लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा.

मग कैलासनं मोबाइलमधलाच आईचा एक फोटो मोठा करून, चकचकीत करून आणला. बघतो तर कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण गायब. कुठे गेलं रे, म्हणून मी ओरडलो, तर म्हणे पप्पा, डाग समजून मशीननं पुसलं असेल. डाग! लहानपणी रडत रडत गोंदवून घेतलेलं ते. तिकडे कोऱ्या करकरीत नवरदेवावर चरे पाडतात आणि इकडे माझ्या आईला घासून काढतात.

मी फोटो दुरुस्तीचा जुना बारीक ब्रश शोधला आणि तिचे ठिपके तिला परत दिले. कपाळावरचा जरा तिरका झाला. असू द्या, तिचाही तिरकाच होता. तोच फोटो भिंतीवर आहे.

परवा कैलासनं पुन्हा कॅमेरा मागितला, या वेळी विचारून. मी झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून दिला. म्हटलं, ने बाबा, ज्याच्या गळ्यात घालशील त्याचा संसार सुखाचा होवो, कानबाई त्याचं भलं करो, फक्त त्याला म्हणावं आत फोटो शोधू नको.