शेवंतामावशीच्या हातची खिचडी

तुम्ही हसान, पण परवा मी पोरीच्या शाळेत खिचडीसाठी भांडून आलो. सिहोऱ्याची तीच शाळा, जिथं मीही शिकलो. दुपारच्या जेवणात काय सुधारायचं, म्हणून पालकांची सभा होती. कोणी म्हणे पालेभाजी वाढवा, कोणी म्हणे तेल कमी करा, पण बहुतेकांना अंडं पाहिजे होतं.

मी उठलो. म्हटलं, "ते सगळं राहू द्या. आमच्या वेळी शेवंतामावशी करायची, तशी खिचडी द्या पोरांना! घरी वासाचा चिन्नोर तांदूळ शिजवतो, वरून तूप ओततो, तरी ती चव येतच नाही."

मागून आवाज आला, "काहून रे बाबू, काय येत नाही?"

शेवंतामावशीच! शाळेतलं काम सोडून तिला बरीच वर्षं झाली. आता नातवाची पालक म्हणून आली होती.

"मावशी, काय टाकत होती वो तू त्यात?"

"तांदूळ, डाळ, हळद, मीठ. अजून काय राहते?"

"मग आता तशी काहून लागत नाही?"

मावशी हळूच म्हणाली, "धानाच्या रोवणीत तुही माय अंधारातच शेतात बांधीवर जाये. तू उपाशी शाळेत यायचा अन् चुलीवरच्या माह्या खिचडीच्या गंजाकडे पाहत बसे. खिचडी आजबी करून देईन, बाबू. पण तशी भूक तुह्या पोरीले लागू देशीन का?"

मग शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अंडं पाहिजे त्यांनी हात वर करा."

पहिला हात माझाच होता. पण तोंडाले पाणी मात्र त्या खिचडीचंच सुटून राहिलं होतं.