शहाऐंशी किलो चारशे

काटेवाला: तुमचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय, बाई.

बाई: दर गुरुवारी हेच म्हणता. उतरा खाली आणि बसा. दोनशे जास्त दाखवत असेल, तर मागच्या गुरुवारीही जास्तच दाखवलं असेल. मला आठवड्याचा फरक हवाय, आणि तो काही चुकत नाही.

काटेवाला: ते खरंच. पण बावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय ना. बिघडलेला काटा दिसला की हात शिवशिवतात. खालच्या बाजूला एक स्क्रू असतो, दोन मिनिटांचं काम.

बाई: बसा म्हटलं ना. शहाऐंशी किलो चारशे. मागच्या गुरुवारी शहाऐंशी चारशे. त्याआधी तीनशे, त्याआधी पुन्हा चारशे. सहा आठवडे झाले, काटेवाले. तुम्हाला भावाला किडनी द्यायची आहे. वजन ऐंशीच्या खाली आल्याशिवाय ऑपरेशनचे डॉक्टर तुम्हाला हात लावणार नाहीत. हे ठाऊक आहे ना?

काटेवाला: पाठ आहे.

बाई: मग घोडं कुठे पेंड खातंय? वही द्या इकडे. बाप रे, मिठाचंसुद्धा वजन लिहिलंय.

काटेवाला: तुम्हीच म्हणालात, खाल्लेलं सगळं लिहा.

बाई: म्हणाले खरी. पण इतकी वर्षं म्हणतेय, तरी असं कोणी लिहिलं नव्हतं. बरं, सोमवार. सायकल पन्नास मिनिटं, मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे चारशे दहा कॅलरी जळल्या. आणि पुढे संध्याकाळी सात वाजता दोन अंडी, लोण्यावर परतलेले मशरूम, पावाचा एक तुकडा. हे माझ्या आहाराच्या तक्त्यात कुठे होतं?

काटेवाला: ते जेवणातलं नाही, व्यायामातलं आहे. जाळलं म्हणून परत खाल्लं. फोनमध्येच येतं तसं, आज तुमच्याकडे चारशे दहा उरल्यात म्हणून.

बाई: फोन म्हणेल. फोनला काय, त्याला कुठे तुमचं ऑपरेशन करायचंय. हे बघा, शाळेत आहारावर बोलायला जाते तेव्हा पोरांना मी पिंपाचं सांगते. पिंप भरलेलं आहे, तळाला भोक आहे, पाणी हळूहळू उतरतंय. आपल्याला ते उतरायलाच हवंय. आता जेवढं गळलं तेवढं आपणच तांब्याने वरून ओतलं, तर काय होईल? दुसरीतलं पोरगंसुद्धा सांगतं, बाई, पाणी तिथल्या तिथेच राहील.

काटेवाला: पण भूक लागते ना व्यायामानंतर.

बाई: लागते. दिवसभर पाठीवर पोती वाहणारा हमाल आला, तर मी स्वतः सांगते, बाबा रे, थोडं परत खा, नाहीतर गळून जाशील. तुम्ही पन्नास मिनिटं सायकल चालवता, आणि तुमचा दिवसाचा आकडा काढताना ती सायकल मी आधीच धरली होती. म्हणजे तुम्ही एकाच सायकलचं दोनदा खाताय.

काटेवाला: चुकलं. आता लक्षात ठेवतो.

बाई: मागच्या गुरुवारीही तक्ता लक्षातच ठेवणार होतात. थांबा जरा. दोन अंडी, लोणी पाच ग्रॅम, मशरूम, पाव... हे सगळं मिळून दोनशे सत्त्याऐंशी होतात. चारशे दहा नाही होत.

काटेवाला: असेल.

बाई: मंगळवारी घड्याळ चारशे म्हणतं, खाल्लंत दोनशे ऐंशी. काल घड्याळ तीनशे साठ, आणि खाल्लंत अडीचशेच्या आसपास. घड्याळ सांगतं तेवढं तुम्ही एकदाही खाल्लेलं नाही. दर वेळी शंभरातले सत्तरच. असं का?

काटेवाला: घड्याळ जास्त सांगतं.

बाई: ते मला माहीत आहे. तुम्हाला कसं कळलं?

काटेवाला: पडताळून पाहिलं. पहिल्या पाच आठवड्यांत त्याच्या हिशेबाने किती उतरायला हवं होतं आणि काट्यावर किती उतरलं, ते मांडलं. मनगटावर बसून अंदाज करणारं यंत्र ते, त्याला काय काटा म्हणायचं? ते शंभर म्हणालं की खरे सत्तर धरायचे.

बाई: काटेवाले, इकडे बघा. तीस वर्षं मी या खोलीत बसतेय. जाळलेलं परत खाणारे पुष्कळ पाहिलेत. ते घड्याळावर भरवसा ठेवतात, आणि त्यांचं वजन वाढतं. विसरभोळे असतात, त्यांचं एका आठवड्यात चढतं, दुसऱ्यात उतरतं. तुमचा काटा सहा आठवडे खिळा मारल्यासारखा उभा आहे. हे चुकून होत नाही. उतरवायला जेवढी मेहनत लागते, तेवढीच मेहनत करून तुम्ही ते धरून ठेवलंय.

काटेवाला: तुमच्या खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो, नाही?

बाई: दिसतो. तुमची निळी सायकलही दिसतेय, कुठे जात नाही ती. ऑपरेशनची भीती वाटते का? वाटत असेल तर लाजू नका. मी फाइलमध्ये लिहीन आणि डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतील की जमत नाही. कारण कोणालाच कळत नाही, भावालाही नाही. याच खुर्चीत बसून आजवर चौघांनी नाही म्हटलंय. चौघांनाही मी चहा पाजून पाठवलं.

काटेवाला: भीती नाही हो. दोन आहेत, एक गेली तरी एक राहते. आज काढून घ्या म्हणा, आज देतो.

बाई: आज कशी देणार? मध्ये सहा किलो चारशे आहेत ना.

काटेवाला: आहेत.

बाई: पहिल्या पाच आठवड्यांत एक्क्याण्णववरून इथवर आलात. मी खूश होते, इथे सगळ्यांना तुमचे आकडे सांगत होते. सहाव्या आठवड्यात काय झालं?

काटेवाला: काही झालं नाही. दादाचा फोन आला, रविवारी येतो तसा. म्हणाला, वा रे छोट्या, असंच चाललं तर दीड-दोन महिन्यांत संपेल सगळं.

बाई: मग? चांगलंच बोलले की.

काटेवाला: चांगलंच बोलला.

बाई: मला घाई नाही. बाहेर आता कोणी नाहीये, तुम्ही शेवटचेच.

काटेवाला: हे किडनीचं निघण्याआधी तीन वर्षं आम्ही बोलत नव्हतो, बाई. आई चार दिवस दवाखान्यात होती आणि मला पाचव्या दिवशी कळवलं. म्हणे, तू लांब राहतोस, उगाच कशाला काळजी. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलेलं. तिथेच उभ्या उभ्या मी त्याला बोललो. नको ते बोललो. तोही बोलला. मग वहिनीने एका ओळीत कळवलं की त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मी म्हटलं, माझी तपासा. जुळली. त्याच्या पुढच्या रविवारपासून तो फोन करायला लागला.

बाई: काय बोलता?

काटेवाला: आधी वजन. किती झालं, किती उतरलं. सुरुवातीला तेवढंच, दोन मिनिटं. मग एकदा म्हणाला, काय खाल्लंस? त्याला मीठ नाही, फळं नाहीत, पाणीसुद्धा पेल्याने मोजून. आता मी एकटा माणूस, शेगडीपाशी उभ्या उभ्या पाव खाणारा. पाव म्हटलं की संपलं बोलणं. म्हणून रांधायला लागलो. सोमवारचे ते मशरूम, ते याच रविवारी सांगायचेत. त्याच्या मागच्या रविवारी भोपळ्याच्या सूपवर अकरा मिनिटं बोललो. त्याने विचारलं, मिरपूड वरून घातलीस की शिजताना?

बाई: म्हणजे तुम्ही सांगता यावं म्हणून खाता.

काटेवाला: पण मोजून खातो. वजन वाढू दिलं नाही. त्याला दगा द्यायचा नव्हता. नुसतं जरा धरून ठेवायचं होतं. किडनी दिल्यावर तो मला काय विचारणार? किती झालं म्हणून?

बाई: हं.

काटेवाला: वेडेपणा आहे. कळतं मला.

बाई: वेडेपणा नाही म्हणणार मी. पण आता मी सांगते ते नीट ऐका. उद्या सकाळी डॉक्टरांची बैठक आहे. या फाइलवर पुन्हा शहाऐंशी चारशे दिसलं, तर ते तुमचं नाव बाजूला काढतील आणि दादांना वेटिंग लिस्टवर टाकतील. त्या लिस्टवर लोक चार चार वर्षं असतात. सगळेच चार वर्षं टिकत नाहीत.

काटेवाला: हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाई: मलाही आज दुपारी कळलं.

काटेवाला: पण त्याची तब्येत बरी असते. फोनवर हसतो, माझी टर उडवतो.

बाई: रविवारी संध्याकाळी ना? शनिवारी डायलिसिस झालेला माणूस रविवारी बराच असतो. इतर दिवशी कसे असतात?

काटेवाला: इतर दिवशी कधी बोललो नाही.

बाई: तुम्ही स्वतःहून फोन केलाच नाहीत?

काटेवाला: नाही. तोच करतो.

बाई: का?

काटेवाला: नाही उचलला तर?

बाई: हे बघा, या रिकाम्या चौकटीत मला काहीतरी लिहायचंय. लिहू शकते की कारण सापडलं, जाळलेलं परत खाणं बंद, आठवड्याला पाऊण किलो उतरेल, थोडा वेळ द्या. मी लिहिलं तर ऐकतात. पण ते खरं असेल तरच लिहीन.

काटेवाला: आठवड्याला पाऊण किलो म्हणजे आठ आठवडे आणि चार दिवस.

बाई: तुम्ही आणि तुमचे चार दिवस. नऊ आठवडे लिहिते.

काटेवाला: आणि नऊ आठवड्यांनंतर, बाई? तो फोन करेल?

बाई: मला माहीत नाही. करेल म्हणाले, तर तेही तुमच्या घड्याळासारखंच होईल. बरं वाटावं म्हणून जास्त सांगितलेलं.

काटेवाला: लिहा. खरं आहे ते, लिहा. फक्त एक मिनिट, मला एक फोन करायचाय. बाहेर जाऊन करतो. या फोनचा कानाशी येणारा आवाज गेलाय, सगळं स्पीकरवर मोठ्यानेच ऐकू येतं.

बाई: जगाचे काटे दुरुस्त करता आणि स्वतःचा फोन तसाच. इथेच करा. बाहेर झाडलोट चालू आहे. मी लिहितेय, माझं लक्ष नाही.

(बऱ्याच वेळाने पलीकडे फोन उचलला जातो.)

भाऊ: छोट्या? काय झालं रे?

काटेवाला: काही नाही झालं, दादा.

भाऊ: आज गुरुवार आहे.

काटेवाला: माहीत आहे.

भाऊ: मग वजन उतरलं की काय?

काटेवाला: नाही. शहाऐंशी चारशे. दादा, ते उतरत नाही त्याला मीच कारण आहे. व्यायाम करायचो आणि जाळलेलं परत खायचो. मुद्दाम.

भाऊ: ते भोपळ्याचं सूप?

काटेवाला: सूप, अंडी, मशरूम, सगळंच. मशरूम अजून तुला सांगायचे राहिलेत. रविवारी बोलायला काहीतरी असावं म्हणून.

भाऊ: हं.

काटेवाला: बोल की काहीतरी. शिव्या दे.

भाऊ: शिव्या काय द्यायच्या. सूप चांगलं झालं होतं.

काटेवाला: तू कुठे प्यायलास?

भाऊ: ऐकलं ना.

काटेवाला: आजपासून ते बंद. नऊ आठवड्यांत ऐंशीच्या खाली येतो, इथल्या बाई लिहून देतायत. तेवढं थांब. तुझ्याकडे ते काय वाजतंय मघापासून?

भाऊ: मशीन. गुरुवार नाही का आज.

काटेवाला: आत्ता डायलिसिसवर आहेस तू? वहिनी आहे ना जवळ?

भाऊ: ती कामावर असते. इथे जवळ कोणाला बसू देत नाहीत, आणि रोज रोज बसणार तरी कोण. पलीकडच्या पलंगावर एक काका आहेत, ते तोंडावर पेपर घेऊन झोपतात. पेपर कधीचा आहे देव जाणे.

काटेवाला: आणि तू काय करतोस?

भाऊ: डावा हात हलवायचा नसतो. छताकडे बघतो. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी.

काटेवाला: कधी बोलला नाहीस हे.

भाऊ: रविवारी तुझ्या जेवणातून वेळ कुठे मिळतो?

काटेवाला: आता जेवणाचं काही उरलं नाही, दादा. उकडलेल्या भाज्या आणि वाटीभर डाळ. सांगण्यासारखं काहीच नाही.

भाऊ: मग काय काय खाल्लं नाहीस ते सांग.

काटेवाला: आत्ता? त्याला वेळ लागेल.

भाऊ: लागू दे. मला उठायला अजून तीन तास आहेत.