मागच्या दोन दोऱ्या

सातपूरहून द्वारका चौकाकडे जाणाऱ्या सिटी बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर कंपनीच्या गणवेशातले दोघे बोलत होते.

"दत्तूभाऊ, तो चार दोऱ्यांचा मोठा पतंग चढतच नव्हता. थोडा उठायचा अन् मागं सरकून खाली बसायचा."

"मागच्या दोन दोऱ्या आखूड असतील. त्या ब्रेकच्या, आखूड राहिल्या की ब्रेक लागलेलाच राहतो."

"तेच निघालं. चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणल्या, तर मागच्या वीतभर कमी. सकाळीच सारख्या केल्या."

"मग आता लय ओढणार तो. उडवतंय कोण?"

"आमची रोशनी. मैत्रिणीला घेऊन धरणाच्या माळावर गेलीय."

"पोरीचं वजन किती?"

"चाळीस असेल."

"अन् आज वारं बघ. जास्त ओढलं तर दोन्ही हातांतले हँडल सोडून द्यायचे, सांगितलंस ना?"

"सकाळी एवढं वारं नव्हतं."

"ज्ञानेश, सांगितलंस ना?"

"पतंग हातचा जाऊ नये म्हणून... मीच म्हटलं, हँडल मनगटाला बांध. मैत्रिणीकडून गच्च गाठ मारून घे."

"फोन लाव तिला."

"मघापासून लावतोय. रिंग जातेय."

"परत लाव."

"उचलेल कशी, दत्तूभाऊ? दोन्ही हात बांधलेत."