असेफी

जाकमेलच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक चाळिशीची बाई बोलत होत्या. नर्स त्या बाईचं नाव नुकतंच लिहून घेऊन गेली होती.

"असेफी? किती वर्षांनी ऐकलं गं! आमच्या डोंगरात कॉफी तोडताना एकीला हाक मारली की चौघी वळायच्या. आता कुणी ठेवत नाही."

"कशाला ठेवतील, मावशी? लेकीला जन्मभर ‘पुरे झाल्या मुली’ म्हणून हाक मारायची!"

"कितवी तू?"

"सहावी."

"मग पाठीवर भाऊ आला?"

"कुठला! आणखी दोघी आल्या."

"म्हणजे नाव फुकटच गेलं."

"मला मात्र चिकटलं ते चिकटलंच."

"आई आहे अजून?"

"ही काय, माझ्या खांद्यावर झोपलीय. हिलाच दाखवायला आणलंय. सगळं विसरलीय, मलाही ओळखत नाही."

"अरे देवा!"

"सकाळी तिची वेणी घालत होते, तर विचारते, ‘तुझं नाव काय गं, पोरी?’ मी सांगितलं."

"मग?"

"माझा हात धरून रडायलाच लागली. म्हणाली, ‘कुठल्या आईनं गं ठेवलं तुझं असं नाव?’"

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, होती एक. फार दमली होती बिचारी."