यंत्र तुमचं, काम आमचं

भैय्याजी : रात्रपाळी नको असेल तर दिवसपाळी घ्या, सुभेदार. मी, संस्थेचा सचिव, स्वतः म्हणतोय. बंदूकवाला माजी सैनिक फाटकावर उभा राहिला की आमच्या नऊही शाळांची शान वाढेल.

रुपराव : भैय्याजी, मी चौकीदारीसाठी नाही आलो. अर्ज वाचा ना. बावीस साल फौजेच्या सिग्नलमंधी होतो. खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन भरती झालो, मंग वायरलेस, आखरीचे चार साल कम्प्युटर. आता लकडगंजात कंपनी खोलली. ज्याच्यापाशी कम्प्युटर हाय, त्याचं काम करून द्याचं.

भैय्याजी : फौजी माणूस आणि कंपनी! बँकेत विचारलंत?

रुपराव : विचारलं. माजी सैनिकाच्या फारमात तीनच खाने. पिठाची गिरणी, टॅक्सी, चौकीदार. साहेब म्हणे, कम्प्युटरले गिरणीत बसवून देतो. मी म्हटलं, दळाचं काय?

भैय्याजी : कम्प्युटर आमच्याकडेही आहे हो! विचारा आमच्या टायपिस्टला, या सिंधूताईंना. थंड हवेची खोली, वर मखमली झूल, दर गुरुवारी हार.

रुपराव : चालवते कोन?

भैय्याजी : चालवायचा? आणि बिघडला म्हणजे? मंत्र्यांनी फीत कापली तेव्हा चालवला होता की.

सिंधूताई : तेव्हाही बंदच होता. नारळाचं पाणी उडेल म्हणून तुम्हीच प्लग काढायला लावला होता.

रुपराव : मंग निकाल कसे लावता, बाई?

सिंधूताई : हाताने. नऊ शाळा. परीक्षा दिवाळीआधी, निकाल होळीला.

रुपराव : भैय्याजी, मले एक घंटा द्या. एका वर्गाचा निकाल काढून देतो. नाही जमलं, त् कंपनीले कुलूप. उद्यापासून तुमच्या फाटकावर उभा राहतो, बंदूक घेऊन.

भैय्याजी : छे, छे! त्या यंत्राला मी स्वतः हात लावत नाही.

रुपराव : कपायावर बुक्का दिसून राहिला. कीर्तनाले जाता वाटते?

भैय्याजी : एक चुकवत नाही. बुवांच्या मागे पेटीवर साथ करतो मी!

रुपराव : मंग सांगा. त्या पेटीवर मखमल टाकून, हार घालून, समोर हात जोडून बसले त् कीर्तन रंगन का?

भैय्याजी : कसं रंगेल? भाता हलला पाहिजे, बोटं पडली पाहिजेत, तेव्हा कुठे... सुभेदार, फौजेत तुम्हाला भलतंच शिकवलंय.

रुपराव : खोलीची किल्ली?

भैय्याजी : घ्या. पण झूल हळू काढा. घडी मोडायला नको.

(तासाभराने प्रिंटरची करकर थांबते.)

सिंधूताई : अठ्ठावन्न मुलं झाली, भैय्याजी. गुण मी वाचले, बोटं सुभेदारांची. सगळे माझ्या यादीशी ताडून पाहिले. एकच जुळेना.

भैय्याजी : चुकलं ना? मी म्हणत होतो!

सिंधूताई : चुकले मी. आपले शिपाई गणपतराव, त्यांचा मुलगा. माझी बेरीज सहाने कमी पडली होती. पोरगा पास आहे.

भैय्याजी : हं... यंत्र फार तापलं का हो?

रुपराव : एकाहत्तरले वाळूत वायरलेस चालवले मी. मशीन कामानं नाही मरत, भैय्याजी. झाकून ठेवल्यानं मरते.

भैय्याजी : बरं, बरं. नऊही शाळांचे निकाल तुमचे. सिंधूताई, पत्र टाइप करा. अरेरे, फाटकाला मात्र इतका रुबाबदार माणूस पुन्हा मिळायचा नाही!

सिंधूताई : कंपनीचं नाव?

रुपराव : संकेत कम्प्युटर सेवा.

सिंधूताई : माणसं किती, तेही पत्रात घालावं लागतं.

रुपराव : आज त् मी एकटाच हावो. पन आकडे तुम्ही वाचले तसे वाचनारं कोनी येत असन, मशीनही शिकत असन, त् मले पाहिजे. पगार कंपनी देईन.

भैय्याजी : सिंधूताई? टाइप करता करता थांबलात का?

सिंधूताई : दोन लिहितेय, भैय्याजी.