ऑलवेज, बठ्ठी वाट

आबा बाहेर गेलेत तोवर सांगतो, ते असले की सांगू देत नाहीत. तेव्हा पारोळ्याजवळच्या आमच्या गावात एकच जीप होती. कपाशी वेचताना आबांना साप चावला, आणि त्या जीपमधून आम्ही त्यांना धुळ्याला न्यायला निघालो. आमच्याकडे साप चावलेल्याला झोपू देत नाहीत, सतत बोलतं ठेवतात. सोबतचे आमचे जावई इंग्रजीचे मास्तर, त्यांनी थेट शिकवायलाच घेतलं.

"आबा, ऑलवेज म्हणजे नेहमी. पण मुळात त्याचा अर्थ सगळी वाट, अख्खा रस्ता. म्हणा, ऑलवेज."

"जावईबापू, माले झोप यी राहिनी."

"आधी सांगा, ऑलवेज म्हणजे?"

"बठ्ठी वाट," आबा चिडून म्हणाले.

पापणी मिटली की जावई खांदा हलवून तेच विचारायचे. आबांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी नुसते ओठ हलत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "वाटेत झोपले होते का?"

आबांनीच डोळे उघडले. "ऑलवेज जागा व्हतू."

"चांगलं आहे, इंग्रजी बोलताहेत," डॉक्टर हसले.

"साहेब, आबांना इंग्रजी येत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांचं हसू गेलं. "सिस्टर, इंजेक्शन आणा लवकर. विष डोक्यात चढतंय."