नलिनीताई आणि एका अक्षराचे शेजारी

मंडळी, तुम्ही एवढ्या उन्हात आलात. ताईंना बरं वाटलं असतं. मला मात्र बोलणं जड जातंय. त्या समोर असत्या तर पहिल्याच वाक्याला थांबवून म्हणाल्या असत्या, "वसंता, म्हणजे नेमकं काय?"

नेमकंच सांगतो. आपल्या हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या निम्म्या घरांतल्या मुलांना ताईंनी कॉलेजात गणित शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. मी उदगीरकडचा, कुकटपल्लीच्या एका लहान कारखान्यातल्या लॅबमध्ये नोकरीला. तेव्हा देशाचा बाजार परदेशी मालाला नुकताच खुला झाला होता. कपड्यांच्या पावडरीत घालायचं एक एन्झाइम आम्ही बनवत होतो. एन्झाइम म्हणजे डाग खाणारं प्रथिन. आमचं प्रथिन गरम पाण्यात पडलं की मरायचं. आमचे साहेब, रेड्डीगारू (गारू म्हणजे तेलुगूतलं आपलं 'राव'), म्हणाले, "जमत नसेल तर लॅब बंद करू. आता बाहेरून माल मागवता येतो."

आणि माझं लग्न ठरलेलं. मंडळी, नोकरी जाणारा नवरदेव पत्रिका वाटत फिरतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. ताई माझ्या बायकोच्या मावशी. पत्रिका द्यायला गेलो, तर तोंड बघूनच त्यांनी विचारलं, "काय बिघडलंय?"

मी सांगितलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, त्यातलं प्रत्येक आम्ल म्हणजे एक अक्षर धरा. आम्ही तिच्यातली बरीच अक्षरं एकदम बदलत होतो. काहीच जगत नव्हतं.

ताई म्हणाल्या, "मगरपासून नजरपर्यंत जा. एका वेळी एकच अक्षर बदल. मधला शब्दही खरा हवा."

मी म्हणालो, "मगर, मजर, नजर."

"मजर म्हणजे काय?"

"काही नाही, ताई."

"मग तुझं प्रथिन मेलं. मगर, नगर, नजर, असं जायचं. एका अक्षराच्या अंतरावर असतात ते शेजारी. आधी शेजाऱ्यांकडे जाऊन ये."

आम्ही तसं केलं. आता प्रथिनं जगायला लागली. पण गरम पाण्यात टिकेना एकही. रेड्डीगारू म्हणाले, "झालं, आता बंद." मी ताईंना घेऊनच लॅबमध्ये गेलो. त्यांनी विचारलं, "जी सुधारलीही नाहीत आणि बिघडलीही नाहीत, त्यांचं काय केलंत?"

"फेकणार आहोत, अम्मा," रेड्डीगारू म्हणाले. "फायदा नाही तर ठेवायचं कायकू?"

"फेकू नका. त्यांचा फायदा नसेल, पण त्यांचे शेजारी वेगळे आहेत. तिथे मुक्काम करा आणि तिथून पुढचं अक्षर बदला. पहिल्या घरातून जे दिसत नव्हतं, ते कदाचित तिथून दिसेल."

रेड्डीगारूंनी फेकायच्या नळ्या परत फ्रीजमध्ये ठेवायला लावल्या. मग म्हणाले, "हौ अम्मा, करून बघू."

तसल्याच एका बिनफायद्याच्या प्रथिनाच्या शेजारी आमचं एन्झाइम सापडलं. उकळत्या पाण्यात नाही, पण चांगल्या कढत पाण्यात टिकलं. लॅब राहिली. लग्नही झालं. माझी बायको समोर बसलीय, विचारा हवं तर.

कारखान्याने ताईंचा सत्कार ठरवला. ताईंनी शाल नाकारली. म्हणाल्या, "हैदराबादच्या उन्हात शाल घेऊन मी काय करू? माझ्या कॉलेजच्या मुलींना सुट्टीत लॅबमध्ये येऊ द्या." रेड्डीगारूंनी कबूल केलं. पहिल्या वर्षी दोघीच आल्या, आणि त्यांनी आम्हाला प्रश्न विचारून हैराण केलं. आज त्यांच्यातली एक, पद्मजा, माझी साहेब आहे. सुट्टीसाठी मी तिच्याकडेच अर्ज करतो. परवा ताई गेल्याचं कळलं तेव्हा तिने अर्ज मागितला नाही. गाडी काढली आणि म्हणाली, "वसंतगारू, चला."

मंडळी, ताई गेल्या याचं दुःख आहेच. पण त्यांची आठवण काढताना हसू येतंय, ते मी दाबणार नाही. तुम्हीही दाबू नका. आता आपण उभे राहू या. ताईंना शांतता फार वेळ सोसत नसे, म्हणून थोडाच वेळ गप्प राहू. मग एकमेकांशी बोलत बोलत घरी जाऊ.

ताई, नमस्कार करतो.